उघडी पाठ, बंद पाठ : हेडफोनच्या इतिहासातला एक घरगुती प्रश्न



वस्तूंच्या इतिहासाच्या या मालिकेत मागच्या वेळी आपण चष्म्याबद्दल बोललो. चष्म्यावरून कानाकडे यायला फार चालावं लागत नाही. चष्म्याच्या काड्या कानावरच टेकलेल्या असतात. तेव्हा आजचा विषय हेडफोन. आणि त्यातही एकच प्रश्न. तो आम्हाला एका दुकानदाराने विचारला, आणि चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवूनही त्याचं उत्तर आम्हाला चटकन देता आलं नाही.

झालं असं, की आमच्या पंचाहत्तरीला जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. शाल, श्रीफळ नको असं आम्ही आधीच बजावलं होतं. तर त्यांनी पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाले, "सर, तुमचा तो हेडफोन आता बदला. चांगला घ्या." आमचा जुना हेडफोन खरंच निवृत्तीला आला होता, कानाच्या गाद्यांचं काळं रेक्झिन सुटून खांद्यावर पडायचं. आम्ही दुकानात गेलो. दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने विचारलं, "आजोबा, ओपन बॅक की क्लोज्ड बॅक?"

आम्ही म्हणालो, "फरक काय?"

तो म्हणाला, "ओपनमध्ये आवाज मोकळा येतो, पण बाहेर जातो. क्लोज्डमध्ये बाहेर जात नाही, पण कोंडतो."

आता बघा, दोन वाक्यांत त्याने जे सांगितलं ते चूक नव्हतं. पण ते ऐकून आम्ही तसेच घरी परत आलो. कारण असा प्रश्न नुसता कानाचा नसतो. आपल्याभोवती भिंत किती असावी, हा तो प्रश्न आहे. आणि असे प्रश्न कुठून आले हे पाहिल्याशिवाय ते सोडवू नयेत, अशी आमची जुनी खोड आहे. तर आधी इतिहास पाहू, मग दुकानात परत जाऊ.

सुरुवात करू 1881 पासून. पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. बेलच्या टेलिफोनला पेटंट मिळून जेमतेम पाच वर्षं झाली होती. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने ध्वनिग्राहक लावले आणि तारांनी तो आवाज प्रदर्शनात आणला. लोक रांगा लावून ऐकायचे. प्रत्येकाच्या हातात दोन रिसीव्हर. एक डाव्या कानाला, एक उजव्या. दोन्हींत येणारा आवाज रंगमंचाच्या वेगवेगळ्या जागांवरून घेतलेला. त्यामुळे गायक डावीकडून उजवीकडे चालत गेला तर ते कानांना कळायचं. आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याचा हा पहिला जाहीर अनुभव. पुढे 1890 मध्ये 'थिएट्रोफोन' या नावाने त्याची वर्गणीची सेवाच सुरू झाली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त आजारपणामुळे घराबाहेर फार पडत नसत. 1911 मध्ये त्यांनी ही सेवा घेतली आणि अंथरुणात पडून ऑपेरा ऐकला.

म्हणजे एकट्याने, स्वतःच्या खोलीत, दुसरीकडे चाललेलं गाणं कानाशी धरून ऐकणं ही हौस वॉकमनच्या कितीतरी आधीची आहे. ध्यानात ठेवा, प्रूस्त आजारी होते. आजारी माणूस आणि हेडफोन यांचं नातं आपल्याला आज पुन्हा भेटणार आहे.

पण हेडफोन डोक्यावर चढला तो गाण्यासाठी नव्हे, कामासाठी. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींचे हात मोकळे राहायला हवेत म्हणून. मग जहाजावरच्या बिनतारी यंत्राच्या तंत्रज्ञासाठी. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन यांनी 1910 च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवले आणि अमेरिकेच्या नौदलाला पाठवले. नौदलाने परीक्षा घेतली, पसंत केले आणि आणखी मागवले. या सगळ्या मंडळींना आवाज सुंदर हवा होता का? छे. त्यांना तो ऐकू यायला हवा होता. इंजिनाच्या घरघरीत, वाऱ्यात, दुसऱ्याच्या बोलण्यात बारीकशी टिकटिक निसटता कामा नये. तेव्हा कानावर घट्ट बसणारी, मागून पक्की बंद असलेली वाटी हेच साहजिक उत्तर होतं. 1937 मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने डीटी 48 हा हेडफोन काढला. ध्वनिवर्धकात असतं तसंच हलतं वेटोळं आणि पडदा त्यांनी छोटा करून कानावर आणला. हाही बंदच. तो इतका भरवशाचा ठरला की पुढे कानाच्या तपासणीसाठीही वापरला गेला आणि 2012 पर्यंत त्याचं उत्पादन चालू होतं.

गाण्याच्या शौकिनासाठी हेडफोन आला 1958 मध्ये. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातले जॉन कॉस हे आधी रुग्णालयांतल्या रुग्णांना टीव्ही भाड्याने देत. लग्नात सोफ्यासाठी आलेल्या आहेराच्या पैशातून त्यांनी तो धंदा उभा केला, अशी हकीकत कंपनीच सांगते. नंतर त्यांनी एक छोटा फोनोग्राफ बनवला, त्याला खाजगी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन जोडला आणि प्रदर्शनात मांडला. लोकांनी फोनोग्राफकडे फारसं पाहिलं नाही; हेडफोन मात्र हातोहात गेला. तोच कॉस एसपी/3. 'खाजगी ऐकणं' ही विकण्याजोगी वस्तू आहे हे त्या दिवशी कळलं. तोही बंद पाठीचाच. म्हणजे पंचाहत्तर वर्षं हेडफोन म्हणजे बंद वाटी, हे जवळजवळ गृहीतच होतं.

आता इथे थोडं थांबून एक प्रयोग करू. सगळ्यांनी हाताचे तळवे वाटीसारखे करा आणि कानांवर ठेवा. दाबू नका, नुसतं झाका. काय ऐकू येतं? घूं असा आवाज. लहानपणी कोकणात आजोळी गेलं की आम्ही मोठा शंख कानाला लावायचो आणि समुद्र ऐकायचो. तो समुद्र नसतो. भोवतालच्या आवाजातले काही ठरावीक सूर त्या पोकळीत घुमतात आणि आपल्याला गाज वाटते. पोकळी तिला आवडेल तेवढंच मोठं करून सांगते.

बंद हेडफोनची अडचण नेमकी हीच. पडदा हलतो तेव्हा आवाज पुढे कानाकडे जातो, तसाच मागेही जातो. मागे भिंत असेल तर तो तिच्यावर आपटून परत येतो, पडद्याला ढकलतो, आणि क्षणभर उशिरा कानात मिसळतो. चांगले कारागीर वाटीत लोकर, फोम भरतात, वाटीचा आकार बदलतात, आणि हा घुमारा बराच काबूत आणतात. उत्तम बंद हेडफोन म्हणूनच उत्तम असतो. पण मुळातली अडचण राहतेच: मागच्या आवाजाला जायला जागा नाही.

1968 मध्ये जर्मनीतल्या झेनहायझर कंपनीने सरळ ती भिंतच काढून टाकली. हेडफोनचं नाव एचडी 414. मागे जाळी, कानाला टेकायला पिवळ्या फोमच्या चकत्या. दिसायला खेळण्यासारखा, वजनाला हलका. आवाज आत येतो, बाहेर जातो, कान झाकलेलेच नाहीत. उघड्या पाठीचा, बाजारात आलेला हा पहिला हेडफोन. अशा वस्तूला कोण विचारील? पण त्याचा खप पुढे 1 कोटीच्या वर गेला. लोकांना पहिल्यांदाच असं वाटलं, की गाणं डोक्याच्या आत कोंडलेलं नाही. आपल्या आजूबाजूला चाललंय.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला एक सवलत द्या. झेनहायझरचा कारखाना हॅनोव्हर शहराच्या उत्तरेला एका खेड्यात आहे. आणि हॅनोव्हर हे लाइब्निझचं गाव. 1676 पासून 1716 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथल्या दरबारात होता. लाइब्निझने 1714 मध्ये मांडलं, की हे विश्व मोनाड नावाच्या चिद्बिंदूंनी बनलेलं आहे आणि मोनाडला खिडक्या नसतात. बाहेरून आत काही येत नाही, आतून बाहेर काही जात नाही. प्रत्येक जण आपापल्या आत सगळं विश्व अनुभवतो. बंद पाठीच्या हेडफोनचं याहून नेमकं वर्णन आम्हाला सापडलेलं नाही! आणि त्याच मुलखातून अडीचशे वर्षांनी खिडक्या असलेला हेडफोन यावा, ही इतिहासाची थट्टाच. यात कार्यकारणभाव नाही, बरं का. योगायोगच आहे. पण योगायोगही कधी कधी प्रश्न स्पष्ट करतात.

मग प्रश्न पडतो, की खिडक्या नसलेले मोनाड एकमेकांशी जुळतात कसे? लाइब्निझचं उत्तर होतं 'पूर्वस्थापित सुसंवाद'. ईश्वराने सगळी घड्याळं आधीच लावून ठेवली आहेत. त्यामुळे तुम्ही हाक मारायला आणि मी वळून बघायला एकच गाठ पडते. हे उत्तर लक्षात राहू द्या.

पुढचा टप्पा 1979, जपान. जुलै महिन्यात सोनीचा वॉकमन आला. त्याच्याबरोबरचा हेडफोन सुमारे 50 ग्रॅमचा; फोमच्या छोट्या चकत्या, उघडाच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट यंत्रावर होती. पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायची दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण. बटण दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. हे कशासाठी? सोनीचे अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे, की पहिला नमुना घरी नेऊन ते ऐकत बसले तर त्यांची पत्नी नाराज झाली. आपल्याला बाहेर ठेवलंय असं तिला वाटलं. एकट्याने ऐकणं उद्धटपणाचं दिसेल, म्हणून दोघांची सोय केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की लोकांना दोघांची सोय नकोच आहे. प्रत्येकाला आपला स्वतंत्र वॉकमन हवा आहे. यथावकाश ते बटणही गेलं आणि ते दुसरं भोकही गेलं.

या गोष्टीत एक बारीक धडा आहे. मोरितांचा हेडफोन उघडा होता. तरी त्यांची पत्नी बाहेर राहिली. म्हणजे हेडफोनची पाठ उघडी असली म्हणून माणूस उघडा असतोच असं नाही.

त्याच सुमारास उलट दिशेचंही काम चाललं होतं. 1978 मध्ये अमर बोस झ्युरिकहून बोस्टनला विमानाने निघाले होते. वडील बंगालचे, ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेला गेलेले; मुलगा एमआयटीत प्राध्यापक. विमानात मिळालेला हेडफोन लावला तर इंजिनाच्या घरघरीत गाणं बुडून गेलं. प्रवासातच त्यांनी गणित मांडायला घेतलं: बाहेरच्या आवाजाची उलटी लहर तयार करून तो कानातच खोडून टाकता येईल का? कल्पना नवी नव्हती. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला 1936 मध्ये अमेरिकेत तशा कल्पनेचं पेटंट मिळालं होतं. पण ती कानावर बसवायला फार वर्षं लागली. 1989 मध्ये वैमानिकांसाठी आणि 2000 मध्ये तुमच्याआमच्यासाठी बोस कंपनीचे हेडफोन बाजारात आले. त्यामुळे बंद वाटीला नवं बळ मिळालं. कारण नुसती वाटी बारीक, चढे आवाज चांगले अडवते, पण इंजिनाची, पंख्याची खालची घरघर तिला फारशी अडत नाही. ती घरघर ही युक्ती खोडते.

म्हणजे विसावं शतक संपताना दोन घराणी पक्की झाली. घराणी म्हणण्याचं कारण असं, की कुणी चूक नाही. दोघांची शिस्त वेगळी आहे. बायर कंपनीचे डीटी 770, 880, 990 हे तीन भाऊच बघा: पहिला बंद, मधला अर्धवट उघडा, तिसरा उघडा. एकाच कारखान्याला तीन उत्तरं द्यावी लागली, कारण विचारणारे तीन होते. स्टुडिओत गायकाच्या कानावर बंद हेडफोन देतात, कारण त्याच्या कानातला ठेका समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये. सोनीचा एमडीआर 7506 हा 1991 पासून या कामात राबतोय. आणि तेच ध्वनिमुद्रण नंतर शांत खोलीत बसून तोलून-मापून बघणारा माणूस उघडा हेडफोन पसंत करू शकतो. झेनहायझरचा एचडी 600 हा 1997 पासून या कामासाठी नावाजलेला आहे.

आता आपण 'बदलून चांगला घेणं' या गोष्टीकडे येऊ. याला सगळे अपग्रेड म्हणतात, आपणही म्हणू. फ्रेंच विचारवंत दनी दिदरो याने 1769 मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्याला कुणीतरी सुंदर लाल झगा भेट दिला. झगा इतका झकास, की त्याच्यापुढे जुनी खुर्ची गबाळी दिसू लागली. खुर्ची बदलली. मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. शेवटी त्याच्या लक्षात आलं, की जुन्या झग्याचा तो मालक होता आणि नव्याचा गुलाम झाला आहे. आमच्या बाबतीतही हे व्हायला लागलं. एचडी 600 घ्यावा म्हटलं तर त्याचा विद्युत रोध 300 ओहम. फोनवर तो नीट जागा होत नाही. बऱ्याच फोनला आता तारेचं भोकच नसतं. म्हणजे ॲम्प्लिफायर आला. ॲम्प्लिफायर आला की संगणकातला आवाज नीट बाहेर काढणारं आणखी एक डबडं. विद्यार्थ्यांचं पाकीट कधीच संपलं असतं!

इथे दोन गोष्टी सांगतो, त्या आम्हाला सावरायला उपयोगी पडल्या. एक, येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये अडीचशेहून अधिक हेडफोनांची मापं आणि किमती ताडून पाहिल्या. खालपासून वरपर्यंतचे सूर किती प्रमाणात ऐकू येतात याचा आणि किमतीचा संबंध आढळला नाही. म्हणजे महाग ते सुरेल असं समीकरण नाही. दोन, आमचे स्वतःचे कान. सत्तरीनंतर चढे, बारीक आवाज कमी होत जातात. ते कुठलाही हेडफोन परत आणत नाही. दुकानातला मुलगा ज्या 'वरच्या हवेशीर सुरां'बद्दल भरभरून सांगत होता, ते सूर आमच्या कानांनी केव्हाच रजेवर पाठवले आहेत.

तर एवढा इतिहास वाचून, पैशाचा मोह आवरून आम्ही ठरवत काय होतो? खरं सांगायचं तर आम्ही बंद हेडफोनकडेच झुकलो होतो. जुना बंद होता, सवय होती, एकाग्रता होते. तानपुरा लागला की घर नाहीसं व्हायचं. ते घर नाहीसं होणं आम्हाला आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

आणि इथेच आम्हाला एक गोष्ट आठवावी लागली. आठवावी लागली म्हणतो, कारण ती विसरायची आमची फार इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यातली रात्र. आम्ही बाहेरच्या खोलीत तोच बंद हेडफोन लावून मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत होतो. बावीस मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण. ते नुकतं सुरू झालं होतं तेव्हा ही उठून न्हाणीघराकडे गेलेली आम्ही पाहिली. गाणं संपलं, आम्ही हेडफोन काढला, आणि हाक ऐकू आली. ती घसरून पडली होती. मनगट मोडलं होतं. ती हाका मारत होती. किती वेळ, ते आम्हाला कुणाला विचारावं लागलं नाही. गाण्याची लांबी ठाऊक होती.

आम्ही धावत गेलो तेव्हा ती रागावली नाही. ती म्हणाली, "संपलं का तुमचं गाणं?" त्यात टोमणा नव्हता. गाणं संपल्याशिवाय हा माणूस येणार नाही हे तिने मनाशी धरलं होतं, आणि ती गाणं संपायची वाट पाहत होती.

मंडळी, वर्गात आम्ही वर्षानुवर्षं 'पर-मनाची समस्या' शिकवली. दुसऱ्याला मन आहे हे आपल्याला कशावरून कळतं? फळ्यावर युक्तिवाद, त्यावर आक्षेप, आक्षेपावर उत्तर. ते सगळं आम्हाला तोंडपाठ आहे. पण त्या रात्री पलीकडच्या खोलीतलं मन बावीस मिनिटं ओरडत होतं आणि आमच्यापुढे समस्याच नव्हती, कारण आम्हाला काही ऐकूच येत नव्हतं. लाइब्निझच्या मोनाडांची घड्याळं ईश्वराने जुळवलेली असतात. आमच्या घरात तशी सोय नाही. इथे हाक कानावर पडावीच लागते.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे उघडा हेडफोन नीतिमान आणि बंद हेडफोन स्वार्थी. असं मुळीच नाही. हाच विषय आम्ही आमच्या एका विद्यार्थ्याशी बोललो. तो चाळीतल्या एका खोलीत वाढला. पाच माणसं, एक टीव्ही, दाराबाहेर नळावरची भांडणं. तो म्हणाला, "सर, तुम्हाला भिंती आहेत म्हणून तुम्हाला खिडकी परवडते. मला पदवीपर्यंत भिंत म्हणून जे काही मिळालं ते कानावरच मिळालं." हे आम्हाला सुचलं नव्हतं. उघड्या हेडफोनला शांत खोली लागते, आणि शांत खोली ही मालमत्ता आहे. गोंगाटात उघडा हेडफोन लावला की आपण आवाज वाढवत जातो, आणि कानाला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज जितका वाढेल तितके तास झपाट्याने कमी होतात. म्हणजे लोकलमध्ये, रुग्णालयाच्या वॉर्डात, वसतिगृहात बंद हेडफोन ही चैन नाही. तिथे तो कान वाचवतो आणि शेजाऱ्यालाही वाचवतो.

तेव्हा ज्यांना हेडफोन बदलायचा आहे त्यांना आम्ही आवाजाच्या गोष्टी शेवटी विचारायला सांगू. आधी हे विचारा. तुम्ही जिथे बसून ऐकता तिथे गोंगाट आहे का? असेल तर बंद. तुमच्या शेजारी कुणी झोपतं का, वाचतं का? तरी बंद, किंवा जागा बदला; उघड्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारं गाणं शेजारच्याला डासासारखं छळतं. तुम्ही चष्मा लावता का? मग दोन्ही प्रकार चष्म्यासकट लावून बघा. काडीमुळे गादीत फट पडली की बंद हेडफोनचा खर्ज गळून जातो, आणि ज्या खर्जासाठी तो घेतला तोच मिळत नाही. फार वेळ ऐकता का? उघड्यात कान कमी तापतात. खोली शांत आहे आणि ऐकताना घरातलं कुणी हाक मारू शकतं का? तर उघडा. हे सगळं झाल्यावर मग तुमच्या ओळखीचं एकच गाणं दोन्हींवर, सारख्याच मोठ्या आवाजात ऐका. आवाज जरा जरी मोठा असला तरी तोच चांगला वाटतो. या फसवणुकीपासून जपा.

आम्ही काय घेतलं? उघडा घेतला. ॲम्प्लिफायर घेतला नाही. फोनवर आणि जुन्या सीडी प्लेअरवर चालेल असा, कमी रोधाचा, मधल्या किमतीचा घेतला. उरलेले पैसे विद्यार्थ्यांना परत करू लागलो तर ते ऐकेनात, म्हणून त्याच पैशातून न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवला आणि खाली खरखरीत फरशी टाकली. अपग्रेडची साखळी कुठे न्यावी हे दिदरोला जमलं नाही. आम्हाला एवढं तरी जमलं.

तोटाही सांगितला पाहिजे. आता ऐकताना कुकरची शिट्टी येते. खालच्या मजल्यावरचा मुलगा गाडी सुरू करतो ते येतं. तानपुरा लागला तरी घर नाहीसं होत नाही. पहिला महिना आम्ही चिडत होतो. जुना हेडफोन गाद्या बदलून ठेवलाय. रेल्वेच्या प्रवासात तोच लागतो. आणि हिला झोपताना आमच्या नव्या हेडफोनची कुरकुर ऐकू येते म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत बसतो. दार लोटून घेतो, पण कडी लावत नाही.

जाता जाता एक काम देतो. दुकानात जाण्याआधी, रोज जिथे बसून ऐकता तिथे पाच मिनिटं काही न लावता बसा. कान झाकू नका. काय काय ऐकू येतं त्याची यादी करा, अगदी कागदावर. मग त्या यादीतलं काय नाहीसं झालं तरी चालेल ते खोडा. आणि काय नाहीसं झालेलं चालणार नाही, त्याखाली रेघ ओढा. रेघ ओढायला काहीच नसेल तर खुशाल बंद पाठीचा घ्या. आमच्या यादीत रेघ एकाच आवाजाखाली होती. तो आवाज रोज येत नाही. कधी येईल ते सांगता येत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. जरा मोठ्याने विचारा. आमच्या कानांचं आत्ताच सांगितलंय.